फोटो निघेपर्यंत हलायचं नाही

एका गावात एक भोळा बुरूड होता. त्याचं नाव केरबा. सुपं, टोपल्या, कणग्या विणण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अक्कल वाटायच्या दिवशी मात्र तो बहुतेक बाजारला गेला असावा. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करी. कुणी काही शिकवलं की विसरायला नको म्हणून खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारी. बाकीची माणसं खूणगाठ मनाला बांधतात. केरबा टॉवेलाला बांधे, कारण टॉवेलात जागा जास्त होती.

त्याची बायको हौसा शहाणी होती, म्हणून घरात चूल पेटत होती. त्यांची एकुलती लेक वंदना सासरी होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण विहीणबाई एकदा येऊन गेल्या, चहा प्यायल्या, झोपडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पक्कं घर झालं तर धाडू पोरीला. न्हाईतर आमच्याकडंच हुईल सगळं."

हौसाला ते फार लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून होऊ नये, यापेक्षा आईचा दुसरा अपमान कोणता? त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. पोरीचे दिवस भरायच्या आत डोक्यावर पक्कं छप्पर हवं.

सरकारलाही नेमकं तेव्हाच वाटलं की देशात कुणी बेघर राहू नये. सरकारला असं दर पाच वर्षांनी वाटतं. घरकुलाची यादी निघाली आणि यादीत केरबाचं नाव आलं. गावचे ग्रामसेवक पिसाळ, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणे, ते येऊन सांगून गेले, "केरबा, उद्या तालुक्याचे साहेब तुझं घर बघायला येणार. तयारीत राहा."

केरबा तयारीला लागला. हौसा बाजारला गेली होती, त्यामुळं तयारी जोरात झाली. त्यानं झोपडीला पांढऱ्या मातीचा हात दिला, दाराला तोरण लावलं, शेजाऱ्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. शिंप्याकडचा पंखा मागून आणला आणि आढ्याला टांगला. झोपडीत वीज नव्हती. पण पाहुण्याला पंखा दिसला पाहिजे.

साहेब आले. खुर्चीवर बसले, पंख्याकडं बघितलं आणि वहीत लिहिलं, 'घर सुस्थितीत. अपात्र.'

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे येड्या, हा काय जावई आलाय? सरकारी साहेब घर बघायला आला की घर मोडकं दिसलं पाहिजे! छपराला चार भोकं पाहिजेत, भिंत कललेली पाहिजे."

"असं व्हय!" केरबा म्हणाला आणि टॉवेलाला गाठ मारली.

भाऊसाहेबांनी अर्ज-विनंत्या करून साहेबांना पुन्हा आणलं. तोवर केरबानं छपराला चार भोकं पाडली होती. मोजून चार. भिंतीला खांदा लावून ती कलती केली होती. आधी त्या छपराखाली माणसं सुखानं राहत होती, तेव्हा ती गरीब नव्हती. आता वरून ऊन-वारा आत यायला लागला, आणि सरकारला गरिबी दिसली. साहेबांनी लिहिलं, 'पात्र.'

पहिला हप्ता आला. झोपडीशेजारी केरबा बांबू वाळत घालायचा त्या मोकळ्या जागेत गवंड्यानं घराचं जोतं बांधलं. जोतं असं झालं की हौसा रोज त्यावर जाऊन नुसतीच बसायची. इथं चूल, इथं वंदनाची खाट, असं बोटानं दाखवायची.

मग भाऊसाहेब सांगत आले, "साहेब उद्या जोतं बघायला येणार. ते बघितल्यावरच दुसरा हप्ता."

केरबानं टॉवेलाची गाठ चाचपली. साहेब बघायला आला की काय? मोडकं दिसलं पाहिजे. त्यानं पहार उचलली आणि जोत्याचे चारही कोपरे उडवले.

साहेब जीपमधून उतरले. "हे काय?"

"मोडकं, साहेब," केरबा अदबीनं म्हणाला. "पुरंल का, आनखी मोडू?"

साहेब तसेच जीपमध्ये बसले. भाऊसाहेबांचा आवाज चढला. "अरे, बांधलेलं कधी मोडायचं नसतं! एकदा बांधलं की कशाला बोट लावायचं नाही. जे जसं आहे तसं राहू द्यायचं, साहेब फोटो काढेपर्यंत!"

"असं व्हय!" केरबानं दुसरी गाठ मारली.

हौसानं दोन शेळ्या विकून कोपरे परत बांधून घेतले. ती त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसरा हप्ता आला, भिंती उभ्या राहिल्या. गवंडी म्हणाला, "केरबा, भिंतींवर पाणी मारत जा." केरबा म्हणाला, "बोट लावायचं न्हाई." मग त्याची पाठ वळली की हौसाच पाणी मारायची. अशात सरपंचांची म्हैस सुटून आली. तिला बिनछपराचं घर आवडलं. ती दाराच्या चौकटीत उभी राहून रवंथ करू लागली. केरबा तिला हाकलेना. जे जसं आहे तसं राहू द्यायचं होतं. तो लांब हात बांधून उभा राहिला.

साहेब आले. या वेळी ते उतरलेच नाहीत. काच खाली केली, मोबाईल बाहेर काढला, फोटो घेतला, काच वर केली. तपासणी झाली.

तीन आठवड्यांनी कागद परत आला, 'लाभार्थ्याचा चेहरा आधार कार्डाशी जुळत नाही.' हौसानं डब्यातनं कार्ड काढलं, केरबाचा फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, "जुळतोय की."

भाऊसाहेब आता रडकुंडीला आले होते. त्यांनी परत फोटो काढवून घेतला आणि केरबाचे दोन्ही खांदे धरून सांगितलं, "पुढच्या वेळी नीट ऐक. फोटोत तू पाहिजेस. दारात उभं राहायचं. मध्ये कुणाला येऊ द्यायचं नाही. फोटो निघेपर्यंत हलायचं नाही!"

"असं व्हय!" तिसरी गाठ बसली.

भिंतींवर छप्पर आलं. विहीणबाई येऊन भिंतीवर थाप मारून गेल्या आणि त्यांनी शब्द पाळला. वंदना माहेरी आली. नव्या घराला एकच दार आणि एकच खिडकी होती. खिडकीला गज नव्हते, ते शेवटच्या हप्त्यात बसायचे होते. आणि शेवटच्या हप्त्यासाठी शेवटचा फोटो हवा होता.

साहेब येणार म्हणून केरबा सकाळपासून दारात उभा राहिला. साहेब आले नाहीत. सर्व्हर डाऊन होता. दुसऱ्या दिवशीही डाऊन होता. केरबा तिथंच उभ्यानं जेवला, चौकटीला टेकून झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी वंदनाला कळा सुरू झाल्या.

सरकारी दवाखान्याच्या आशाताई पिशवी घेऊन धावत आल्या. "केरबादादा, सरका!"

"फोटो निघाला की सरकतो."

"अवं, पोरगी कळा देतीय!" आतून हौसा ओरडली.

"मला काय कळत न्हाई व्हय? माझी बी लेक हाय ती. पण हलायचं न्हाई."

हौसानं त्याच्या पाठीत केरसुणी घातली. केरबा हलला नाही. शेवटी आशाताई पदर खोचून खिडकीतून आत गेल्या. तासाभरात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. केरबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याला वळून बघायचं होतं, फार बघायचं होतं. पण त्यानं मान वळवली नाही.

"काय झालं वो?" त्यानं समोर बघूनच विचारलं.

"नात झाली," आशाताई म्हणाल्या.

"माझ्यासारखी हाय का?"

"न्हाई दादा. चांगली शहाण्यासारखी रडतीय."

संध्याकाळी सर्व्हर उठला, साहेब आले, फोटो निघाला. चेहरा जुळला. केरबा आत धावला आणि नातीला ओंजळीत घेऊन बसला. शेवटचा हप्ता मिळाला, खिडकीला गज बसले. सरकारी रंगारी येऊन समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत 'शासनाचे घरकुल' लिहून गेला. खाली बारीक अक्षरांत केरबाचं नाव लिहायचं होतं, पण रंग संपला.

बारशाच्या घुगऱ्या संपल्या नव्हत्या तोच सरकारचा नवा कागद आला. फेरतपासणी. योजना फक्त बेघरांसाठी आहे. लाभार्थ्याकडे पक्कं घर आढळल्यास नाव रद्द, पैसे वसूल.

भाऊसाहेबांनी कागद तीनदा वाचला. ते घामाघूम झाले. घर दिलं सरकारनंच, आणि आता घर आहे म्हणून पैसेही सरकारच वसूल करणार.

"भाऊसाहेब, ह्या येळी आधीच इचारतो," केरबा तिन्ही गाठी पुढं धरून म्हणाला. "मोडू, का तसंच राहू दिऊ, का दारात उभा राहू?"

"काहीही करू नकोस! साहेब विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. आणि कागदावर, पाटीवर जे लिहिलंय तेच सांग. मनाचं एक अक्षर घालू नकोस."

"असं व्हय!"

जुन्या साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब आले. नव्या घरापुढं उभे राहून त्यांनी विचारलं, "हे घर कुणाचं?"

केरबानं भिंतीवरची अक्षरं वाचली. "शासनाचं."

"मग तू कुठं राहतोस?"

केरबानं रेशन कार्ड काढून वाचलं. "झोपडी, बुरूडआळी."

साहेब शेजारच्या झोपडीत गेले. वर बघितलं. चार भोकं. भिंत कललेली. साहेबांचं मन द्रवलं. एवढा गरीब माणूस आणि अजून त्याला घर नाही? त्यांनी तिथल्या तिथं लिहिलं, 'लाभार्थी बेघर. घरकुल तातडीने मंजूर.' मग नव्या घरात डोकावून त्यांनी खाटेवरच्या वंदनाला आणि तान्ह्या पोरीला बघितलं आणि दुसरा कागद लिहिला, 'शासनाच्या घरात अतिक्रमण. हटवावे.'

भाऊसाहेब मध्ये पडले. साहेब म्हणाले, "पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

साहेबांबरोबरच्या शिपायानं बाळ-बाळंतिणीला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं. हौसानं लेकीला झोपडीत नेलं, चार भोकांखाली. भोकांतून वारा येत होता आणि पोरगी किरकिरत होती. इतक्यात केरबा आनंदानं धावत आला. "हौसा, पेढे आण! आपल्याला दुसरं घरकुल मंजूर झालं!"

हौसानं भोकातून वर आभाळाकडं बघितलं. मग कोपऱ्यातली पहार उचलली आणि सरळ नव्या घराकडं निघाली.

केरबा आडवा आला. "अगं, बांधलेलं मोडायचं नसतं!"

"हे बांधलेलं न्हाई," हौसा म्हणाली, "लावलेलं हाय."

केरबानं टॉवेल चाचपला. लावलेल्याबद्दल एकही गाठ नव्हती. तो बाजूला झाला. एका घावात कुलूप तुटलं. हौसानं लेकीला आणि नातीला आत खाटेवर निजवलं. मग तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला, तिसरी गाठ त्याच्या हातात दिली आणि गोड आवाजात म्हणाली, "अवं, फोटो काढायला साहेब येणार हायत. दारात उभं ऱ्हावा बघू."

"असं व्हय!" म्हणत केरबा उभा राहिला.

साहेब दोनदा येऊन गेले. शिपाई आणला, हवालदार आणला. म्हणाले, "बाजूला हो." केरबा म्हणाला, "आधी फोटो काढा, साहेब." पण फोटो काढणं हे त्या साहेबांचं काम नव्हतं. ते दुसऱ्या टेबलाचं काम. त्या टेबलाचे साहेब रजेवर आहेत.

कागदोपत्री केरबा अजून बेघर आहे. दुसऱ्या घरकुलाचा हप्ता म्हणे निघालाय, फक्त बांधायला मोकळी जागा दाखवायची राहिलीय. केरबा उभ्याउभ्याच टोपल्या विणतो. नात आता रांगायला लागलीय. ती आजोबाच्या दोन पायांमधून अंगणात जाते आणि तशीच परत घरात येते. शासनाला मात्र आत यायला जागा नाही, कारण फोटो अजून निघालेला नाही.