दुंदा रखवालदाराची हजेरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी तेव्हा नव्हतो, आणि जे होते त्यांना वर्षं मोजायची सवय नव्हती. आपल्या उंबरकडं गावाच्या वरच्या अंगाला ही राई तेव्हाही होती, राईच्या पोटात जांभूळपाण्याचा डोह होता, आणि डोहाच्या काठी, जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून दुंदा बसलेला असायचा. दुंदा बांबळे, जंगलखात्याचा रखवालदार. खाकी सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, मांडीवर काठी. डोळे असे अर्धे मिटलेले, की बघणाऱ्याला वाटावं झोपलाय. पण झोपलेला नसायचा हो. सगळं बघायचा.

लहानपणी दुंदा एकच वर्ष शाळेत गेला होता. त्या वर्षात अक्षरं आली मोडकीतोडकी, पण मनात ठसली ती हजेरी. मास्तर नाव घ्यायचे, पोरगं ‘हजर’ म्हणायचं, आणि ‘हजर’ म्हटलं की ते पोरगं खरोखर आहे असं व्हायचं. पुढे तो खात्यात लागला. तेव्हाच्या साहेबानं सांगितलं, राईवर लक्ष ठेव. आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हे दुंदाला एकाच तऱ्हेनं माहीत होतं. तो राईची हजेरी घ्यायला लागला.

पावसाळ्यात राई धुक्यात बुडते, कोण आहे कोण नाही काही कळत नाही. पण चैत्र लागला, ओढे आटले, की साऱ्या डोंगराला पाणी उरतं ते जांभूळपाण्याचंच. मग जो तो तिथं येतो. भर दुपारी, पाचोळा तव्यासारखा तापलेला, आणि दुंदा हळू आवाजात नावं घ्यायचा. ‘तांबट.’ तिकडून टुकटुक व्हायची. ‘शेकरू.’ वर फांदीवर पोट टेकून, चारी पाय खाली सोडून पडलेलं शेकरू शेपटी हलवायचं. ‘भेकर.’ जाळीत पानं वाजायची. ‘रानकोंबडा.’ ‘घोरपड.’ ‘वाघरू.’ वाघरू म्हणजे बिबट्या, त्याचं नावही दुंदा तेवढ्याच मायेनं घ्यायचा. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, बाहेरून नर तिला उंबरं भरवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुंदानं तिचं नाव ठेवलं होतं बाळंतीण. तिचं नाव घेतलं की स्वतःच म्हणायचा, ‘आतून हजर.’

आणि शेवटचं नाव नवरंगाचं. तो चिमुकला रंगीत पक्षी पाऊस तोंडावर आला की येतो, त्याआधी नाही. म्हणून सारा उन्हाळा दुंदा म्हणायचा, ‘नवरंग, रजेवर.’

गावात चेष्टा तर व्हायचीच. पाणी भरायला निघालेल्या बायका विचारायच्या, ‘काय दुंदाभाऊ, आज कोण गैरहजर?’ आणि दुंदा गंभीर होऊन सांगायचा, ‘कड्याकडची घोरपड. चार दिस झालं दिसली नाय.’ बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण पाचव्या दिवशी त्यांच्यातलीच एखादी हळूच विचारायची, ‘आली का वो ती घोरपड?’

तर असं चाललं होतं.

महिन्याच्या महिन्याला दुंदाला तालुक्याच्या कचेरीत एक कागद भरून द्यावा लागायचा. चोरटी तोड, वणवा, शिकार असे रकाने असायचे. कारकुनानं पहिल्याच दिवशी त्याला शिकवलं होतं, ‘काही वाईट घडलं नसेल तर लिही, निरंक.’ दुंदाला तो शब्द फार आवडला. भजनात ऐकलं होतं त्यानं, निष्कलंक, निर्मळ. त्याला वाटलं, हा त्यातलाच. निरंक म्हणजे डाग नाही, सगळं कसं स्वच्छ, देवाच्या घरासारखं. वर्षानुवर्षं तो एकेक अक्षर जपून काढत लिहीत आला. तोड, निरंक. वणवा, निरंक. आणि बरोबरच होतं ते.

एका वैशाखात कागद बदलला. नवा रकाना आला, ‘वन्य जनावरे व पक्षी.’ दुंदाला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी खात्याला आपल्या लेकरांची आठवण आली. रात्रभर विचार केला, काय लिहू, काय लिहू. एवढी नावं त्या चिमटीएवढ्या जागेत मावणार कशी? मग सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून, त्यानं आपल्याजवळचा सगळ्यात सुंदर शब्द लिहिला.

निरंक.

हसताय काय? हसू नका. निरंक म्हणजे शून्य. काहीही नाही. एवढं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पंधरा दिवसांत हुकूम आला. राईत जनावर नाही, पाखरू नाही, रखवालदारानं स्वतः लिहून दिलंय. राई तोडून कोळसा पाडायला ठेकेदाराला द्यावी. कुऱ्हाडी घेऊन माणसं पायथ्याला उतरली आणि मोठे साहेब घोड्यावरून आले. साहेबांच्या शिपायानं दुंदाला हुकूम वाचून दाखवला, आणि दुंदा म्हणाला, ‘पण म्या तर निरंक लिवलं व्हतं.’

‘तेच तर,’ शिपाई म्हणाला. ‘निरंक म्हणजे काहीच नाही.’

दुंदा काठी टेकत घरी आला. त्याची बायको ठमाबाई, तिला सगळं कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. ‘अवो, येकाला तरी इचारायचं व्हतं की! राई गेली तर पाणी ऱ्हाईल का? गाव तरी ऱ्हाईल का?’ दुंदा म्हणाला, ‘म्या मपल्या हातानं त्यांना नाय म्हणून लिवलं, ठमे.’ आणि तो ढसाढसा रडला. त्याला गावाचं दुःख होतंच, पण त्याहून हे मोठं होतं, की ज्यांची हजेरी जन्मभर घेतली त्यांनाच आपण पुसून टाकलं.

सकाळी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. पागोटं काढून पायाशी ठेवलं आणि म्हणाला, ‘साहेब, एक दुपार द्या. हजेरी घेतो. तुमच्या कानांनी ऐका, मग काय तोडायचं ते तोडा. पहिली कुऱ्हाड मपल्या मानेवर घाला.’ साहेब माणूस वाईट नव्हता, पण कागदावर चालणारा माणूस होता. म्हणाले, ‘दिवस मावळेपर्यंत. नाव घेशील तो आला पाहिजे.’

दुपारी सगळे जांभूळपाण्याला जमले. साहेब दगडावर बसले, मागे कुऱ्हाडवाले, त्यांच्या मागे सगळं उंबरकडं. वारा पडलेला. पाण्यावर ऊन हलत होतं, आणि बघता बघता डोळ्यांवर झापड येत होती. दुंदा उभा राहिला.

‘तांबट.’

काही नाही.

‘शेकरू.’

पान हललं नाही. ‘भेकर.’ ‘रानकोंबडा.’ तो नाव घेत गेला आणि राई गप्प राहिली. मुंगी दिसेना, चिलट वाजेना. कुऱ्हाडवाल्यांतला एक फिसकन हसला. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. आणि तेव्हा दुंदाला उमगलं, असं म्हणतात. माणसांना घाबरून नव्हती गप्प झाली ती. रुसली होती. ज्यानं आपल्याला नाही म्हणून लिहून दिलं, त्याच्या तोंडावर हजर कशाला म्हणायचं?

दुंदानं काठी खाली ठेवली, पाण्याच्या कडेला चिखलात कपाळ टेकलं, आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, ‘लेकरांनो, मपली चूक हाय. मला शब्द कळला नाय. तुम्ही हायसा. तुम्ही हायसा म्हणून मी हाय.’

किती वेळ तसाच पडून होता कोण जाणे. मग लांब, अगदी लांब, टुक झालं. पुन्हा टुक. तांबट!

दुंदानं मान वर केली, आणि रडत रडत नाव घेतलं, ‘शेकरू.’ तर एक नव्हे, सात शेकरं फांद्यांवरून खाली उतरली. ‘भेकर.’ भेकरं आली, कान टवकारून, पाण्याला तोंड लावून उभी राहिली. ‘रानकोंबडा’ म्हटल्यावर तर त्यानं बांगच दिली. घोरपड आली, साळिंदर काटे वाजवत भर उन्हात आलं, फुलपाखरं ओल्या मातीवर इतकी बसली की माती दिसेना. सांबराच्या शिंगांत हरोळ्या, म्हणजे हिरवी कबुतरं, बसली होती, असं म्हणतात. आणि ‘वाघरू’ म्हटल्यावर वाघरू कड्यावरून उतरलं, भेकरांच्या शेजारी बसलं आणि लपालपा पाणी प्यालं. कुऱ्हाडवाल्यांच्या हातांतल्या कुऱ्हाडी कधी गळून पडल्या त्यांनाच कळलं नाही. कुणी ओरडलं नाही. सगळे जणू एकच स्वप्न बघत होते.

‘बाळंतीण,’ दुंदा म्हणाला. धनेश आला, चोचीत उंबर. ढोलीच्या फटीशी त्यानं ते नेलं, आणि आतून चोचीचं टोक बाहेर आलं. साहेब स्वतः, कुणी न विचारता, हळूच म्हणाले, ‘आतून हजर.’

मग दुंदा म्हणाला, ‘नवरंग, रजेवर.’

साहेबांनी भुवई वर केली. ‘म्हणजे आलेला नाही.’

‘येईल, साहेब. रजा संपली की येईल. मी वळखतो त्याला.’

साहेब हसले. कागद मागवला, निरंक खोडलं आणि आपल्या हातानं त्यावर लिहिलं, ‘सर्व हजर. एक रजेवर.’ कुऱ्हाडवाले आले तसे गेले. राई राहिली. पाणी राहिलं. म्हणून तर तुम्ही आणि मी इथं बसलोय.

पुढे दुंदा म्हातारा झाला, नोकरी सुटली, पण उन्हाळा लागला की डोहाशी जाऊन बसायचा. एका वैशाखात तो गेला तो परतलाच नाही. सदरा जांभळीच्या फांदीला टांगलेला, काठी बुंध्याशी टेकवलेली, आणि माणूस नाही. गावानं तीन दिवस राई पालथी घातली. चौथ्या दिवशी ठमाबाई डोहाशी येऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती तेव्हा, पण तिनं घेतलं. हजेरीसारखं घेतलं. ‘दुंदा रखवालदार!’

पाटील चाचरत म्हणाला, ‘वहिनी, आता गैर...’

त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत जाळीतून शीळ आली. दोन सुरांची. पहिला वर, दुसरा खाली. ह-जर. पाचोळ्यात नवरंग उभा होता, त्या वर्षीचा पहिला. ठमाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘चला घरी. आलेत ते.’

तेव्हापासून आपल्या गावात ही रीत आहे. वैशाखातल्या शेवटच्या सोमवारी चुली दुपारी विझवायच्या आणि सगळ्यांनी जांभूळपाण्याला जायचं. नैवेद्य नाही, वाजंत्री नाही. गावातल्या कुणीही एकानं नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी कान द्यायचा. त्या दिवशी कुणी विचारलं, राईत काय दिसलं, तर ‘काही नाही’ असं उत्तर आपल्याकडे चालत नाही. मुंगी दिसली असेल तर मुंगी सांगायची. आणि तो कचेरीतला शब्द आपल्या गावात कुणी कागदावर लिहीत नाही, मग कागद परत आला तरी चालेल.

शेवटी दुंदाचं नाव घेतात. काही वर्षी शीळ लगेच येते, काही वर्षी दिवस मावळेपर्यंत बसावं लागतं. आणि एखाद्या वर्षी नाहीच आली, तर जो सगळ्यात म्हातारा असेल तो गुडघ्यावर हात ठेवून उठतो आणि म्हणतो, ‘रजेवर.’ मग सगळे घरी जातात, आणि पाऊस येईपर्यंत कान राईकडे ठेवून कामाला लागतात.