राजाच्या हौदातली दर्याची गुरं

फार फार वर्षांमागं, दर्याच्या काठी एक आटपाट बंदर होतं. तिथं राहायचा हाशा कोळी, त्याची बायको मानकी आणि त्यांची दुडदुडती लेक चिंगी. डोंगरावरच्या महालात राहायचा राजा. राजाला काय कमी होतं? काही नाही. पण बाळांनो, ज्याला काही कमी नसतं ना, त्यालाच दुसऱ्याच्या दारातलं जास्त दिसतं.

बंदरासमोर थोरला खडक होता. ओहोटीला अर्धा उघडा पडायचा, भरतीला बुडायचा. त्या खडकाला कालवं लागायची, दगडाला घट्ट चिकटलेली शिंपली. मानकी आणि गावच्या बाया ओहोटीला टोकदार लोखंड घेऊन जायच्या, कालवं फोडून टोपल्या भरायच्या. सगळं गाव त्यावर पोसायचं.

आणि त्याच खडकावर राहायचे मोठाले निळे मासे. एकेक सुपाएवढा. तोंडाला पोपटासारखी चोच. हे मासे दुसरी मासळी खात नसत. खडकावरचं शेवाळ खरवडायचं, गिळायचं, पुढं सरकायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चरणं चालू. होडी थांबवून कान दिला तर पाण्याखालून कर्र कर्र आवाज यायचा. कोळी त्यांना म्हणायचे दर्याची गुरं. त्यांच्यावर जाळं टाकायचं नाही, हा वाडवडिलांचा दंडक. का? तर ती चरतात म्हणून दगड उघडा राहतो, आणि उघड्या दगडावरच कालवांचं पिल्लू बसतं. शेवाळानं झाकलेल्या दगडावर ते बसत नाही.

एके दिवशी राजा होडीतून फिरायला आला. पाणी नितळ होतं. त्यानं ते मासे पाहिले आणि टाळी वाजवली. "हे मला महालात हवेत! मी जेवतो त्या दालनात बिलोरी काचेचा हौद बांधा. घास तोंडात घालताना निळा मासा समोर दिसला पाहिजे."

हाशानं हात जोडले. "महाराज, हा चरणारा जीव आहे. कोंडला की मरायचा."

"मरायचा? मग तूच राखायला ये. मासे जगतील तोवर तू हौदाशी. शेवटचा मासा मेला की तू तळघरात, जन्माचा."

हा काय न्याय झाला? खरं बोलला त्यालाच दोरी! पण शिपाई होते, भाले होते. हाशाच्या हातून खडकावरचे सातच्या सात मासे धरवले आणि हाशालाही धरून नेलं. चिंगी किनाऱ्यावर "बा, बा" करत राहिली.

हौद झाला. पखालींनी दर्याचं पाणी आणलं. राजाचा कारभारी मोठा टापटिपीचा. त्यानं हुकूम सोडला, "महाराजांच्या नजरेसमोर घाण नको. काचेवर, दगडावर बोटभर हिरवं दिसलं तर हाशाच्या पाठीवर वळ उठतील." हाशा बिचारा काथ्या घेऊन सकाळ-संध्याकाळ हौद घासायचा. हौद कसा लखलखायचा! आणि राजाचा मासा म्हणून त्याला राजाच्या ताटातला मानाचा घास. तुपातली कोळंबी, मसाल्याचं मटण, साखरेत घोळलेला खवा. राजा स्वतःच्या हातानं टाकायचा आणि म्हणायचा, "बघा, किती लाड करतो मी!"

लाड कसले, करंट्याचे! जे त्याचं अन्न ते काथ्यानं घासून टाकायचं, आणि जे त्याला पचत नाही ते तुपात तळून घालायचं. पहिला मासा पोट फुगून मेला. दुसरा काचेवर नाक आपटून आपटून. तिसरा, चौथा. तीन उरले, तेही डोळे खोल गेलेले, पाठ वाळलेली.

इकडं थोरल्या खडकावर शेवाळ माजलं. आधी हिरवी साय, मग केसांसारखं, मग गुडघाभर. बाया जायच्या, पाय घसरून पडायच्या, रिकाम्या टोपल्या घेऊन यायच्या. घरोघरी कण्या शिजायला लागल्या.

मग आला राजाच्या राज्याभिषेकाचा दिवस. दर वर्षी त्या दिवशी बंदराची कालवं महालात जायची, आणि त्यांचं कालवण राजाला जिवाहून प्यारं. यंदा एक टोपली आली नाही. राजानं बंदरातली बाई बोलावली. आली मानकी. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं.

दालनात पाऊल टाकलं आणि आधी तिला हाशा दिसला. हाडांचा सापळा. हातात काथ्या.

"अगो मानके, तू कशाला आलीस?" तो पुटपुटला.

"तुम्ही गप बसा धनी. तुम्ही बोलून बघितलंत, आता मी बोलते."

तिनं राजासमोर फडकं काढलं. टोपलीत होतं एक पितळेचं ताट. राखेनं घासलेलं, त्यात तोंड दिसावं असं लख्ख. आणि पूर्ण रिकामं.

"जेवा महाराज."

कारभारी ओरडला, "बाई! कालवं कुठायत?"

"कालवं नाहीत. पण ताट बघा कसं चकचकीत आहे! काचेमागं कोंडलेल्या त्या माशांना तुम्ही रोज हेच वाढताय ना? मग आज त्यांच्या मालकानं पण तेच जेवावं."

मासे काही बोलले नाहीत. दुसऱ्या गोष्टींत मासे बोलतात, ह्या गोष्टीतले मुके होते. म्हणून तर मानकीला बोलावं लागलं.

राजा लाल झाला. "मी माझ्या ताटातलं घालतो त्यांना!"

"गाईच्या पुढं मटण टाकाल का? आणि तिनं तोंड फिरवलं तर म्हणाल का, गाय माजली?"

तिनं टोपलीच्या तळातून एक दगड काढला, शेवाळानं भरलेला, थोरल्या खडकाचाच. कोणी अडवायच्या आत तो हौदात सोडला. तिन्ही मासे, जे दोन दिवस कोपऱ्यात हलले नव्हते, ते वळले. कर्र. कर्र कर्र. सगळ्या दालनात आवाज घुमला. हाशाच्या डोळ्यांतून पाणी आलं. घटकाभरात दगड पांढरा झाला.

राजाचा राग पळाला. तो हसला. "एवढंच ना! आणा असले दगड. मासे इथंच राहतील."

ऐकलंत? डोळ्यांनी बघून पण ह्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच!

मानकी म्हणाली, "आणा की. पण त्यांचं पोट दिवसभराचं आहे महाराज. एका दगडानं काय होतंय? पोटभर घाला, मग बघू."

राजानं गड्यांना लावलं, मानकी तिथंच ठिय्या देऊन बसली. दहा दगड आले, दुपारपर्यंत चरून झाले. वीस आले, तेही झाले. चरलेला दगड हिरवा व्हायला कितीतरी दिवस लागतात, म्हणून तो तिथंच हिरवा होऊ द्यायचा, काढायचा नाही, तोवर नवा घालायचा, असा कारभाऱ्याचा शहाणपणा. तिसऱ्या दिवशी हौद दगडांनी गळ्यापर्यंत भरला. माशांना वळायलाही जागा उरली नाही. एकाचं शेपूट दोन दगडांत अडकलं, तो तडफडू लागला, आणि पाणी उसळून राजाच्या ताटात पडलं.

"दगड काढा!" राजा ओरडला.

"काढले तर खातील काय?" मानकी म्हणाली.

"मग राहू दे दगड!"

"राहू दिले तर फिरतील कुठं? महाराज, त्यांना पोटभर खायचं तर सगळा खडक हवा. खडक आणाल, मग दर्या आणावा लागेल. दर्या मावेल इतकं दालन बांधा, आणि मग खुशाल जेवा तिथं बसून. नाहीतर ज्याचं रान त्याला द्या, आणि माझा धनी मला."

राजानं शेपूट अडकलेल्या माशाकडं पाहिलं. हाशानं हात घालून त्याला अलगद सोडवलं होतं आणि दोन्ही तळव्यांवर धरून ठेवलं होतं, पोरासारखं. राजाला पहिल्यांदा आपल्या हौदाची लाज वाटली. कोणाला उशिरा वाटते, ह्याला चार जीव गेल्यावर वाटली. मेलेले काही परत आले नाहीत, हे विसरू नका.

त्यानं हाशाला मोकळं केलं, आणि त्याच दिवशीच्या भरतीला हाशानं तिन्ही मासे थोरल्या खडकाशी सोडले. ते खोल पाण्यात शिरले आणि लगेच चरायला लागले. कपारींत लपलेली त्यांची बोटभर पोरंही हळूहळू बाहेर आली. राजानं तो हौद फोडला आणि दवंडी पिटवली की खडकावरच्या गुरांना कोणी हात लावायचा नाही, राजानंसुद्धा नाही. कारभाऱ्याला मात्र त्यानं वर्षभर गुडघाभर पाण्यात उभं करून माजलेलं शेवाळ उपटायला लावलं. बाया येता-जाता विचारायच्या, "काय कारभारी, लख्ख झालं का?"

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. खडक उघडा झाला, कालवं बसली, अशी बसली की टोपल्या कमी पडल्या. हाशाच्या अंगावर मांस आलं. चिंगी बापाच्या खांद्यावर बसून ओहोटीला जाऊ लागली. मानकीच्या घरी चूल दोन वेळा पेटली, पाहुण्याला पान पडलं, आणि तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. त्यांना लाभलं तसं भाग्य, ऐकणाऱ्यांनो, तुमच्या दारी येवो.

ज्याला रान लागतं त्याला कोंडून केलेले लाड म्हणजे लाड नव्हेत, तो छळच.