पानांवरून दिलेला निकाल

"पण मी खोटं कुठं बोललो, माई?"

तलावाच्या पायरीवर बसून रेवामाई उद्याच्या पूजेची समई राखेनं घासत होत्या.

"पानांत शिसं नव्हतं. फुलांत नव्हतं. जे निघालं तेच मी गावाला सांगितलं."

"मग आज कशाला आलास?"

लोमेश पायरीवर बसला, त्यांच्यापासून जरा लांब.

लोमेश कापगते याच गावचा. लहान असताना आईनं त्याला तलावाकाठच्या देवीच्या या लहानशा मढीत आणून माईंच्या पुढ्यात बसवलं होतं, आणि माईंनी त्याच्या कानात मंत्र सांगितला होता. पुढे तो शिकला, शहरात कॉलेजात शिकवू लागला. पाण्यात धातूचं विष किती उतरलंय, हे तो पाण्यातल्या झाडांवरून सांगायचा. म्हणायचा, पाण्याचं काय, ते आज एक सांगतं आणि उद्या वाहून जातं. झाड जागचं हलत नाही. जे येईल ते पीत राहतं, साठवत राहतं. विचारायचं असेल तर झाडाला विचारा.

गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचं एक आवार निघालं होतं. पावसाळ्यात तिकडचा ओहोळ तलावात उतरायला लागला, तेव्हा गावानं लोमेशलाच बोलावलं. या तलावातल्या कमळाचे कंद गाव थंडीभर खायचं. भाजी, पेज, वाळवून पीठसुद्धा.

तो आला तेव्हा भाद्रपद होता. तलाव फुलला होता. बाह्या वर करून तो चिखलातल्या कंदाला हात घालणार, एवढ्यात माई काठावरून म्हणाल्या,

"मूळ नको रे. पौषाच्या पूजेआधी मुळाला हात लावत नाहीत."

त्यानं हात मागे घेतला. डोंग्यात बसून पानं खुडली, फुलं खुडली. तेवढीच नेली, तेवढीच तपासली. तलाव चांगला आहे म्हणून कळवलं.

पौषात गावानं कंद काढले. पुढच्या पौषातही काढले. आता तिसरा पौष लागला होता.

"परवा मी मूळ काढून नेलं," लोमेश म्हणाला. "तुम्हाला न विचारता."

माईंचा हात थांबला.

"काय निघालं?"

"शिसं."

"किती?"

"किती ते विचारू नका, माई."

वाऱ्यानं कमळाची पानं उलटी झाली, पुन्हा सुलटी झाली. हिवाळ्यानं ती कडांना करपली होती.

"पानात का नव्हतं मग?"

"झाड ते वर जाऊ देत नाही. मुळाशीच धरून ठेवतं. पान आपलं स्वच्छ राहतं..."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

लोमेशनं राखेची वाटी उगाच सरकवली.

"मी विचारतेय तुला, लोमेश."

"होतं."

"मला नव्हतं."

"तुम्ही नको म्हणालात, माई."

"हो. म्हटलं."

"गुरूचा शब्द होता. लहानपणापासून मी तुमचा एकही शब्द मोडलेला नाही." हे म्हणताना त्याची मान नकळत ताठ झाली. हे वाक्य त्यानं बऱ्याच जणांपुढे म्हटलेलं असावं.

माईंनी त्या ताठ मानेकडे जरा वेळ पाहिलं. मग समई बाजूला ठेवली.

"परवाच का मूळ आठवलं?"

लोमेशचा आवाज खाली आला. "देवकन्येची पोरगी... रुही. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, तुमच्या तलावात आहे का? मी नाही म्हणालो. चटकन नाही म्हणालो. मग मला बसवेना."

"देवकन्येला कळलंय?"

"डॉक्टर सांगणार होते. मी म्हटलं, राहू द्या, आमच्या गावची आहे, मी सांगतो."

"सांगितलंस?"

"तिच्या दारापर्यंत गेलो होतो. ती म्हणाली, भाऊ, चहा घेऊन जा. चहा घेतला आणि आलो."

माईंनी डोळे मिटले. उघडले.

"मग आता मला काय मागतोस?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मढीच्या अंगणात दोन बाया सारवत होत्या, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. तरीही तो हळूच बोलला.

"उद्या पूजा. पहिला कंद तुम्ही काढता, मग गाव पाण्यात उतरतं. तुम्ही एवढंच म्हणा, देवीनं यंदा नाही म्हटलं. कंद काढायचे नाहीत, घरातले खायचे नाहीत. बस. लोक तुमचं ऐकतात."

"कारण विचारलं तर?"

"तुम्हाला कोण कारण विचारणार?"

"देवी कधी बोलली मग? सकाळी की संध्याकाळी?"

"माई..."

"कॉलेजातल्या पोरांना असंच सांगतोस का रे? देवीनं नाही म्हटलं, प्रयोग बंद करा?"

लोमेशच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"माझं नाव आलं तर लोक बाकीचेही निकाल उकरतील. किती तलाव तपासलेत मी. कशावरच विश्वास राहायचा नाही कुणाचा."

"तिथंही पानंच नेलीस?"

"नाही हो! तिथं सगळं नीट केलं. मुळं, गाळ, सगळं. फक्त इथं..."

"फक्त इथं," माई म्हणाल्या. त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

तेवढ्यात वरून हाक आली.

"लोमेशभाऊ! तुमी अजून गेले नाई जी?"

लोमेश इतका दचकला की पायरीवरची राखेची वाटी कलंडली.

देवकन्या पायऱ्या उतरत होती. कडेवर रुही, हातात उद्यासाठी धार लावलेला विळा.

"अन् आज पायरीवर कसे बसले? तलाव तपासला तवा तं डोंग्यातून खाली उतरलेच नाई. मी म्हणलं आमच्या मालकाले, साहेबाले चिखलाचं भेव हाये वाटते!"

ती स्वतःच हसली. लोमेशनं हसायचा प्रयत्न केला.

"माई, पोरीले अंगारा द्या जी. बोलूनच नाई राहिली. आंधी बाई म्हणे, पानी म्हणे. आता तेबी सोडलं. नुसती पाह्यते."

रुही खरंच नुसती पाहत होती. लोमेशच्या शर्टाच्या बटणाकडे.

"काय चारतेस तिला?" माईंनी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं होतं ना. कंदाची पेज. अंगी लागते म्हणून. वाळवून ठेवले हाये, वाटीभर रोज देतो मी. दुसरं काई खातच नाई थे. तलाव भाऊनं तपासलेला, मंग काय, बिनघोर."

लव्हाळ्यात एक पाणकोंबडी फडफडली. लोमेश पुन्हा दचकला. त्यानं माईंकडे पाहिलं, अशा नजरेनं की अजून वेळ आहे, अजून देवीचं नाव घेता येईल.

माई उठल्या.

लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पाण्यात उतरल्या. एक पायरी, दुसरी. मग पायऱ्या संपल्या आणि त्या चिखलात गेल्या, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत.

"माई! काय करून राहिल्या जी? थंड हाये पानी!"

माई वाकल्या. खांद्यापर्यंत हात पाण्यात गेला. तोंड पाण्याला टेकायला आलं. त्यांनी काहीतरी धरलं आणि ओढलं. ते येईना. पुन्हा ओढलं.

"माई, पूजा उद्या हाये!" देवकन्या किंचाळली. अंगणातल्या बाया सारवण सोडून धावत आल्या. त्या गावात पूजेआधी मूळ उपटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि माईंनी उपटलेलं तर नाहीच.

चिखल सुटल्याचा आवाज झाला. माई सरळ झाल्या. हातात लांब, गाठीगाठींचा कंद होता. त्यांनी तो पाण्यात खळबळला. गाळ गेला आणि आतून पांढरा स्वच्छ, खावासा वाटणारा कंद निघाला.

त्या निथळत काठावर आल्या आणि तो लोमेशच्या हातात दिला.

"सांग हिला."

"माई, तुम्ही सांगा..."

"माझ्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ."

त्यानं कंदाकडे पाहिलं. त्याच्या बोटांतून पाणी मनगटावर, मनगटावरून बाहीत गेलं.

"देवकन्या, यात शिसं आहे."

"म्हणजे?"

"विष. बॅटरीतलं. वरच्या आवारातून आलेलं. कंद खाऊ नका. वाळवलेलेसुद्धा नाही. आणि रुहीच्या... रुहीच्या रक्तातही आहे. तिचं बोलणं त्यामुळं गेलं असेल. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, लगेच. मी येतो बरोबर."

देवकन्येनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. जणू तेवढ्यानं काही होणार होतं.

"बरी होईल ना?"

"कंद बंद केला की वाढणार नाही. औषधं आहेत."

"बोलंल ना जी?"

लोमेशला आकड्यांशिवाय बोलायची सवय नव्हती, आणि या एका प्रश्नाला त्याच्याकडे आकडा नव्हता.

"मंग तवा चांगलं हाये काऊन म्हणलं?"

"मी मूळ पाहिलं नव्हतं."

"काऊन?"

त्यानं तोंड उघडलं. फक्त एक नाव घ्यायचं होतं. ते नाव शेजारीच उभं होतं, ओल्या लुगड्यात कुडकुडत.

"पाहिलं नाही," तो म्हणाला. "पाहायला हवं होतं."

"मी अडवलं त्याला," माई म्हणाल्या. "पूजेआधी मूळ नको म्हणून."

देवकन्येनं माईंकडे पाहिलं. मग लोमेशकडे. पुन्हा माईंकडे.

"तुमी नाई म्हणलं," ती सावकाश म्हणाली. "अन् यायनं आयकलं."

तिनं कडेवरच्या रुहीकडे पाहिलं.

"अन् खाल्लं माह्या पोरीनं."

तिनं विळा पायरीवर टाकला. दगडावर तो वाजला, तशा दोन्ही बाया मागे सरल्या. देवकन्या वळली आणि पायऱ्या चढून गेली. अंगाऱ्यासाठी थांबली नाही. जाताना माईंपुढे डोकंही टेकवलं नाही. ते त्या पायऱ्यांवर पहिल्यांदाच घडलं असावं, कारण बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या आणि मग त्याही तिच्या मागे गेल्या.

थोड्या वेळानं वस्तीतून तिचा आवाज ऐकू आला. ती दारोदार हाका मारत होती.

"कंद फेका वं... पोराईले देऊ नोका... फेका वं..."

माई पायरीवर बसल्या. लुगड्यातून पाणी गळत होतं. लोमेशनं आपली शाल पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"सगळे येतील आता," तो म्हणाला. "मी थांबतो. सगळ्यांना सांगतो. सरकारी कचेरीतही जातो, आवाराचं बघायला लावतो."

माईंनी मान डोलावली.

"माई..."

"बोल."

"मी तेव्हा तुमचं ऐकायला नको होतं का?"

माई तलावाकडे पाहत राहिल्या. जिथून कंद उपटला होता तिथलं पाणी अजून गढूळ होतं. एक पान देठापासून तुटून त्यावर तरंगत होतं. त्याच्यावर पाण्याचे थेंब होते. ते इकडून तिकडे पळत होते, पण पानाला लागत नव्हते.

"मला उत्तर द्या, माई. तुम्ही रागवा. काहीही म्हणा, पण..."

वस्तीतून पुन्हा हाक आली. आता आणखी बायांचे आवाज त्यात मिसळले होते. कुठंतरी पत्र्याचा डबा रिकामा केल्याचा खडखडाट झाला. मग दुसरा.

लोमेशचा धीर सुटला. लहानपणापासून काही चुकलं की तो जे करायचा तेच त्यानं केलं. खाली वाकला, माईंच्या चिखलानं माखलेल्या पायांवर डोकं ठेवायला.

माईंनी पाय ओढून घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला, कपाळ पायरीच्या ओल्या दगडापासून वीतभर वर.

माई वस्तीच्या वाटेकडे पाहत होत्या.

"धरायचे ते पाय तिकडं गेले, लोमेश."