होकाराची वाट बघणारा चहा

रेवती मिठबावकरला कंपनीत सगळे मागून रुग्णवाहिकेच्या नंबरावरून ‘एकशे आठ’ म्हणत. जो प्रकल्प शेवटच्या घटका मोजतोय, तिथेच तिला पाठवलं जायचं. त्यामुळे कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे. न जाणो, आजार आपल्याला लागायचा.

या वेळी तिला सिन्नरच्या कारखान्यात धाडलं. तिथे ॲल्युमिनियमचे तापवलेले ठोकळे प्रेसने साच्यातून दाबून खिडक्यांच्या पट्ट्या काढत. ठोकळा गरम असेतो लोण्यासारखा सरकतो, गार झाला की साचाच फोडतो. इथे साचे रोज फुटत होते.

कारखान्याचे प्रमुख धारणकर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. “भट्टी चांगली, प्रेस नवी. मग चूक कोणाची? मला आज नाव हवंय.”

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांच्या होकाराशिवाय ठोकळा प्रेसमध्ये घालायचा नाही, हा नियम त्यांचाच होता.

रेवतीने चहा मागवला. साहेबांच्या आधी कपाला हात लावायची तिथे पद्धत नव्हती, आणि साहेब बोलतच राहिले. अखेर त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हा गार कसा?”

“आला तेव्हा उकळता होता, साहेब. तुमच्या होकाराची वाट बघत बसला. ठोकळेही तसेच बसतात.”

साहेबांनी कपातली साय पाहिली आणि कप खाली ठेवला. नियम त्याच दिवशी गेला.

दुपारी कॅन्टीनमध्ये सगळे हसतखिदळत वाफाळता चहा पीत होते. रेवतीने दोन कप घेतले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा कप गार झाला, तेव्हा ती बॅग भरायला उठली.