चाकाखालचे लिंबू

मोटारी मनातले उघड बोलत, त्या काळची ही गोष्ट. देशी कारखान्याच्या नव्या मोटारीची शोरूममध्येच पूजा झाली आणि पुढच्या चाकाखाली एक लिंबू ठेवले गेले.

"आठ लाखांचे मॉडेल आहे मी," मोटार त्याला म्हणाली. "कोणी आडवे आले, की माझे ब्रेक आपोआप लागतात."

"मग मी आडवेच आहे, बाईसाहेब. मला सरबतात जायचे होते."

"तू माझ्या रक्षणाला आहेस. दृष्ट लागू नये म्हणून."

"म्हणजे आठ लाखांची सारी मदार दोन रुपयांच्या लिंबावर."

इतक्यात मालकाने देवाचे नाव घेऊन गाडी पुढे काढली.

"कशी चालते?" दाराशी विक्रेत्याने विचारले.

"लोण्यासारखी," मालक म्हणाला. "चाकाखाली काही आले, हे कळलेसुद्धा नाही."