ठकूच्या कानवल्याची मुरड

एकदा काय झालं, एका राजाच्या घरातून जो कुणी परगावी जाई, तो परत येईनासाच झाला. गेला की गेला. हसू नका, आधी पांघरूण नीट घ्या अंगावर, मग पुढचं सांगते.

तर या राजाचं नगर होतं वेळूपूर. राजा मोठा भला. एकट्यानं जेवला तर घास घशाखाली उतरायचा नाही त्याच्या. त्याला एकुलती एक लेक, हिरावती. तिचं लग्न झालं सात डोंगरांपलीकडच्या राजपुत्राशी. आता लेक इतक्या लांब जाणार, तर सोबतीला कुणी नको का? पूर्वी नव्या नवरीबरोबर पाठराखीण जायची, बरं का. नवरी सासरी रुळेपर्यंत चार दिवस राहायची आणि परत यायची. राजानं पाठराखीण म्हणून कुणाला धाडलं? आपल्या ठकूच्या आईला.

ठकू तेव्हा सात वर्षांची. बाप नव्हता तिला. आई राजवाड्यात दळणकांडण करायची. निघताना आईनं ठकूला आजोबांच्या हवाली केलं, तिचे दोन्ही गाल कुरवाळले आणि चार दिवसांत येते म्हणाली. मग चार दिवस झाले, आठ झाले, महिना झाला. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. ना हिरावती माहेरपणाला आली, ना ठकूची आई.

मग राजानं काय केलं, एक घोडेस्वार पाठवला. तो गेला तो गेलाच. मग कोतवाल पाठवला. तोही गेला. मग खुद्द प्रधानजी निघाले, पांढरी मिशी पिळून, लेकीला घेऊनच येतो म्हणून. तेही तिकडचेच झाले. राजाच्या ताटाशेजारचे पाट एकेक करून रिकामे पडले. राजा नुसता भात चिवडत बसायचा.

आणि पाणवठ्यावरच्या बायकांच्या तोंडाला काही टाळं असतं का? एक म्हणायची, तिकडं तुपाशी जेवत असेल ती, कशाला येतेय. दुसरी म्हणायची, पोरीला पार विसरली. ठकू घागर भरायची आणि मुकाट्यानं घरी यायची. पण ते शब्द तिच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते. आई मला विसरली का, एवढं एकच तिला कळून घ्यायचं होतं. पण विचारणार कुणाला?

आता ऐका. एक दिवस गावात एक बैरागी आला. सात डोंगर ओलांडून आला होता. तळलेलं तो खायचा नाही, मूठभर ज्वारीच्या लाह्यांवर चालायचा. त्यानं सांगितलं, तिकडं सगळे खुशाल आहेत. घोडेस्वारानं कलिंगडाचा मळा केलाय. कोतवाल तालीम चालवतो. प्रधानजींनी तर साठाव्या वर्षी लग्न केलंय. पण मजा अशी, की यातलं कुणी इकडं यायला निघालं, की वाटेतल्या खिंडीपर्यंत येतं आणि तिथून पुढं त्याचा पाय उचलतच नाही. जणू कुणी वाटच तोडून टाकली आहे.

ठकूनं ते ऐकलं आणि तिला निम्मं बरं वाटलं. आई जिवंत आहे, धडधाकट आहे. त्या आनंदात तिनं आजोबांकडं हट्ट धरला की यंदा घरात दिवाळीचा फराळ करायचाच. दोन वर्षं त्यांनी चूल पेटवली होती ती नुसत्या भाकरीपुरती.

हे आजोबा कोण? अहो, दाजीबा आचारी. पस्तीस वर्षं राजाच्या मुदपाकखान्यात होते. मग हात कापायला लागले आणि हिरावतीच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच ते घरी बसले. त्यांचं स्वयंपाकघर केवढं, तर दोघं बसली की तिसऱ्यानं उंबऱ्यात उभं राहायचं. पण वास असा, की गल्लीतली मांजरं ओळीनं बसायची.

दाजीबांनी सुकं खोबरं किसलं, तांबूस भाजलं. खसखस भाजली. बदामाचे काप, काजूचे तुकडे, मूठभर चारोळी, बेदाणे, पिठीसाखर, वर वेलची आणि जायफळ. काय, तोंडाला पाणी सुटलं का? गिळा आणि ऐका. मग त्यांनी रव्यामैद्याची पारी लाटली, त्यात सारण भरलं, कड दुमडली आणि बोटानं काठाला मुरड घालायला बसले. एकेक चुणी, दोरीचा पीळ घालावा तशी. हात कापतायत, पीळ सुटतोय, पुन्हा घालतायत.

ठकूला दया आली. ती म्हणाली, आजोबा, कशाला एवढा जीव काढता, राजवाड्यातला नवा आचारी गणोबा बघा, पितळेचं कातणं काठावरून फिरवतो, कर्रकन की झालं काम. कातणं म्हणजे ते दातेरी चाक हो, आपण शंकरपाळी कापतो ते. आईच्या शिदोरीचे कानवलेसुद्धा त्यानं तसेच केले होते, ठकूनं स्वतः पाहिले होते.

आजोबांच्या हातातला कानवला परातीत पडला.

"निघणाऱ्याच्या शिदोरीला कातणं लावलं?" ते म्हणाले. "अगं, घरी बसून खायच्या करंजीला काहीही लाव. पण वाटेला लागणाऱ्याला द्यायचा तो मुरडीचा कानवला. मुरड असली की माणूस मुरडून घरी येतो. कातरलं, की वाट कातरली."

आलं ना ध्यानात? हिरावती, घोडेस्वार, कोतवाल, प्रधानजी, सगळ्यांना शिदोरी कुणाची? गणोबाची. आणि बैरागी तळलेलं खायचाच नाही, म्हणून तो बापडा दोन्हीकडं मोकळा फिरत होता.

मग ठकूनं पदर खोचला. आजोबांचे हात चालत नव्हते, तेव्हा मुरड तिलाच शिकणं भाग होतं. पहिला घाणा केला. हौसेनं सारण इतकं ठासून भरलं, की तुपात सोडताच कानवल्यांनी तोंडं उघडली आणि सगळी चारोळी कढईत पोहायला लागली. दुसरा घाणा केला. मुरड बारीक जमेना, ती पडली लोडाएवढी जाड, आतून कच्चीच राहिली. ठकू रडकुंडीला आली. आजोबा म्हणाले, दाबू नकोस, नुसतं वळव, बोटानं सांगितलं की पीठ ऐकतं. मग तिसऱ्या घाण्याला तिनं काठाला दुधाचं बोट लावलं, अंगठ्यानं दुमडलं, बोटानं वळवलं. दुमडलं, वळवलं. कानवले तुपातून असे वर आले, गुलाबी, फुगलेले, काठाला सुरेख पीळ. आजोबांनी एक उचलून ठकूलाच भरवला, कारण वाटेला आता तीच लागणार होती.

ठकूनं पाच कानवले फडक्यात बांधले. एक आईला, एक हिरावतीला आणि उरलेले त्या तिघा गेलेल्यांना. बैराग्याला वाट विचारली आणि निघाली.

चालली, चालली, खिंडीशी आली. तिथं बसला होता एक राक्षस. घाबरू नका, अगदी आळशी राक्षस होता तो. दात होते, पण घासलेले नव्हते. त्यानं हुंगून विचारलं, फडक्यात काय आहे? ठकू पडली आजोबांची नात, मागणाऱ्याला नाही म्हणायची सवय नव्हती. तिनं एक कानवला दिला. राक्षसानं तो गट्टम केला, मिटक्या मारल्या आणि निघून गेला. सुटले बाई, म्हणून ठकू पुढं निघाली. एक डोंगर उतरते न उतरते तोच राक्षस पुन्हा पुढ्यात हजर. आला तो आला, वर पुन्हा खाऊ मागतोय. दिला दुसरा. गेला. आणि पुढच्या डोंगरावर बघते तर पुन्हा तोच, डोकं खाजवत उभा.

"मी तर माझ्या गुहेकडं निघालो होतो गं," राक्षस म्हणाला. "पण पाय सारखे तुझ्याकडंच वळतायत."

ठकूनं कपाळावर हात मारला. अरे देवा, राक्षसाला मुरडीचा कानवला. घालवायचं त्यालाच तिनं पुन्हा ये म्हणून आवतण दिलं होतं, तेही दोनदा. आता राहिले तीनच कानवले. यातही राक्षसच खात बसला, तर आईला काय देणार? मग ठकूनं काय केलं, तिसरा कानवला घेतला आणि उंदरासारखी त्याची मुरड चारी बाजूंनी कुरतडून काढली. काठ केला साफ सपाट आणि मग तो राक्षसाच्या हातावर ठेवला. उष्टा होता, पण राक्षसाला कसलं आलंय सोवळं? त्यानं खाल्ला, वळला आणि जो चालायला लागला तो सरळ दुसऱ्याच मुलखात. इकडं तो येणार नाही, तेव्हा दाराकडं बघू नका.

मग ठकू सात डोंगर ओलांडून त्या राजवाड्यात पोचली. मागच्या अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. ठकूनं तिला पाठीवरूनच ओळखलं. बाईनं मान वर केली, पोरीकडं पाहिलं आणि मायेनं विचारलं, "कुणाची गं तू, बाळ?"

काय वाटलं असेल ठकूला, सांगा बरं. पाणवठ्यावरच्या बायकांचं खरंच ठरलं की काय, असं वाटलं तिला. डोळे भरून आले. ती कशीबशी म्हणाली, "मी ठकू."

सूप खाली पडलं, तांदूळ अंगणभर झाले. आईनं तिला अशी कवटाळली, की ठकूचा श्वासच कोंडला. "माझी ठकू एवढीशी होती गं," आई म्हणाली. "मी रोज डोळ्यांपुढं तेवढीच आणत होते. तू मोठी झाली असशील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मग आईनं सांगितलं. दर पंधरवड्याला ती गाठोडं बांधून निघायची, खिंडीशी पोचायची आणि तिथं तिचे पाय दगड व्हायचे. तिथंच बसून वेळूपुराकडं तोंड करून रडायची आणि परत यायची. एकही पंधरवडा चुकवला नव्हता तिनं. ठकूच्या मनातलं कुसळ त्या क्षणी निघालं, बरं का. तिनं फडकं सोडलं, एक कानवला आईला दिला, एक हिरावतीला. दोघींनी खाल्ला आणि गंमत अशी, की शेवटचा घास गिळायच्या आतच दोघींचे पाय वेशीकडं वळले. हिरावतीची सासू हसायला लागली. जाऊन ये बाई माहेरी, म्हणाली, आणि दोघीतिघींना पुरेल एवढा मेणा काढून दिला.

आता त्या तिघा पुरुषांना द्यायला कानवले उरलेच नव्हते. ठकू खाली मान घालून त्यांच्याकडं गेली. तर घोडेस्वार म्हणाला, आमची कलिंगडं आता कुठं धरतायत. कोतवाल म्हणाला, तालमीतली पोरं टाकून कसा येऊ. आणि प्रधानजींनी हळूच स्वयंपाकघराकडं बघितलं, तिथून आमटीचा वास येत होता, आणि राजाला रामराम सांग म्हणाले. घ्या, त्यांना आता यायचंच नव्हतं.

वेळूपुरात मग काय दिवाळी झाली म्हणता. राजानं लेकीला पाहिलं आणि लहान पोरासारखा रडला, मग पाच पुऱ्या जास्त खाल्ल्या. गणोबाची मात्र बोबडी वळली होती. राजा आता हाकलून देणार, असं त्याला वाटलं. पण दाजीबा पुढं होऊन म्हणाले, चूक याची नाही, मी घरी बसताना याला मुरडीचं सांगायला विसरलो, चूक माझी. मग ठकूनं गणोबाला मुरड शिकवली. एवढा मोठा आचारी तिच्यापुढं मांडी घालून बसला आणि त्याचाही पहिला घाणा फुटला.

भाऊबीज झाली. हिरावतीची सासरी परत जायची वेळ आली. तिला आता बाळ होणार होतं. ती ठकूच्या आईचा हात धरून म्हणाली, या खेपेला चार दिवस सोबत येशील का? आईनं ठकूकडं पाहिलं. आई नाही म्हणणार होती, तिचे ओठ हललेसुद्धा होते.

तेवढ्यात ठकू उठली, चुलीपाशी गेली आणि पारी लाटायला बसली. सारण भरलं. दुमडलं, वळवलं. दुमडलं, वळवलं. सगळ्या नगरानं बघावी अशी ती मुरड होती. गरम कानवला तिनं आईच्या पदरात बांधला आणि म्हणाली, "जा तू."

आई उंबऱ्यात थांबली. "जाते म्हणू नये गं," ती म्हणाली. "येते."

आणि पाचव्या दिवशी, ठकू केस विंचरत होती तेव्हा, आई आली. नुसती आली, पाय धुतले आणि ठकूच्या हातातली फणी घेऊन तिची वेणी घालायला बसली. पाणवठ्यावरच्या बायकांना बोलायला दुसरा विषय शोधावा लागला.

मग राजा सुखी, हिरावती सुखी, ठकू, आई आणि दाजीबाही सुखी, आणि राक्षस जिथं असेल तिथं सुखी. चला, मिटा डोळे आता. कानवले उद्या, आत्ता नाही, आणि कुणी डब्याला हात लावला तर मला आवाज येतो. मी दिवा मालवून आत जाते. चुकले बाई. येते.