हरभऱ्याचा पैलवान

माळवडी संस्थानच्या तालमीत बयाजी पैलवानाची एकच अडचण होती. मटणाच्या वासानं त्याला मळमळायचं आणि अंडं तर नजरेसमोरही नको व्हायचं. भिजवलेला हरभरा आणि दूध यांवरच गडी कुस्त्या मारायचा. तालमीचे कारभारी सरदार गुणाजीराव यांना हे खपेना. त्यांची स्वतःची झटापट ताटातल्या नळीपलीकडे कधी गेली नव्हती, पण खुराकावर ते फार अधिकारानं बोलत.

एके सकाळी ते महाराजांबरोबर तालमीच्या दारात आले. घोड्यावरून न उतरताच गरजले, "हरभऱ्यानं कुठं ताकद येते होय रे? आजपासून मटण खा, नाहीतर तालीम सोड!"

तालमीखेरीज बयाजीला दुसरं घर नव्हतं.

"सरकार, या घोड्याला खुराक काय असतो?" त्यानं सरदारांना विचारलं.

"हरभऱ्याची चंदी. का?"

"आणि आपल्याला?"

"रोज मटण!" सरदारांनी मिशीला पीळ दिला.

बयाजीनं हात जोडले. "मग उद्या घोड्याला पाठीवर घेऊन या, सरकार. मी लगेच मटणाला बसतो."

महाराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. बयाजीचा हरभरा चालू राहिला. सरदार मात्र त्या दिवसापासून तालमीत पायी येऊ लागले.